माणूस आहे आत

टोइंगच्या गाडीवर माझं काम फक्त बोलायचं.
हातात माईक, नाकाला रुमाल,
मेहेर चौकापासून रविवार कारंजापर्यंत
मी नाशिककरांना आकड्यांनी ओळखतो.
पांढरी, शेवटी सत्तेचाळीस. निळी, मागे मुलीचं नाव लिहिलेली.
माणसांची नावं नंतर कळतात, पावती फाडताना.

दोनच मिनिटं, हे मी इतक्या तोंडून ऐकलंय
की घरी बायको म्हणाली, 'थांबा दोन मिनिटं, चहा टाकते',
तरी हात पावतीपुस्तकाकडे जातो.
दोन मिनिटांत सोन्याचा भाव विचारून, न पटून, पुन्हा विचारून होतो.
मिसळ येते, रस्सा दुसऱ्यांदा येतो,
काचेतून काचेत आत्याच्या सुनेची चौकशी होते,
आणि मागे पार अशोक स्तंभापर्यंत
रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन
हॉर्नवर तळवा दाबून बसलेली असतात,
जणू हॉर्नने समोरची गाडी विरघळणार आहे.

त्या मंगळवारी, महात्मा गांधी रोडला,
एक करडी, मोठी, नवी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलसर.
दोन रांगा आधीच लागल्या होत्या, ही तिसरी.
मी आकडे वाचले. पुन्हा वाचले.
क्रेनवाला नईम पट्टा घेऊन वाकला आणि तसाच ओरडला,
"सुदामभाऊ, माणूस आहे आत!"

माणूस आत असला की आम्ही उचलत नाही.
हे आता गावाला पाठ झालंय.
कुणी पोरगं बसवून जातं मोबाइल देऊन,
कुणी आईला.
कागद उडू नये म्हणून दगड ठेवतात, तसं.

इथे आजोबा होते. मांडीवर कापडी पिशवी.
काच खाली कशी करायची ते त्यांना सापडेना,
शेवटी दारच उघडलं चार बोटं.
"किल्ली पोराकडे आहे. तो येतोच, दोन..."
आणि तिथेच थांबले.
पुढचा शब्द त्यांनी गिळला. मी पाहिलं.

मग आरशात बघत राहिले.
म्हणाले, "मागे बस अडकलीय ना? क्लच जळतोय तिचा."
मला तर नुसता धूर कळत होता.
रंगनाथ खैरनार. पंचवटी डेपो. चौतीस वर्षं.
पेठ, सुरगाणा, कोटंबीचा घाट.
समोरून ट्रक आला की मागे कुणी घ्यायचं
ते नजरेनंच ठरायचं, म्हणाले,
चढणाऱ्याला आधी वाट.
थोडं खोटं असेल. म्हातारी माणसं
घाटसुद्धा जरा सपाट करून सांगतात.

मग आधी काठी उतरली, मग डावा पाय,
मग पिशवी, मग ते.
फुटपाथवर, म्हणजे तीन स्कूटर आणि एक भेळेची गाडी,
यांच्यात जागा शोधून उभे राहिले.
दार हळूच लोटलं.
"आता कुणी नाही आत. घ्या."

माईक चालूच होता.
सगळ्या रस्त्याने ऐकलं.

पट्टे बसले. चाकं जमिनीपासून सुटली
तेव्हा दुकानातून पोरगा धावत आला,
एका पायात नवा बूट, एका पायात नुसता मोजा.
"बाबा! बसून राहा सांगितलं होतं ना तुम्हाला!"
आजोबांनी त्याच्या मोज्याकडे पाहिलं.
"चौतीस वर्षं बसलोच होतो की. अशी नव्हती लावली कधी."

आणि क्रेनच्या पत्र्यावर त्यांनी
बोटातली अंगठी आपटली,
टण, टण.

नईम बाविशीचा. त्याला कुठली डबल बेल माहीत असणार.
पण त्याने विचारलं नाही काही,
पहिला गिअर टाकला.
मागे बस हलली.